गाईची कंबर

लातूर जिल्हा झाला तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले होते. माझ्याच दुकानातून गेले होते. उस्मानाबाद लांब पडत होतं, आता लातूर जवळ आलं, आता सगळंच जवळ येणार, असं पुढारी सभेत सांगून गेले. आलंही. आधी दुष्काळ आला, त्याच्या मागोमाग पाण्याचा टँकर आला, आणि टँकरच्या मागोमाग फटफटीवर बसून जनावरांचा डॉक्टर आला. माणसांचा डॉक्टर मात्र अजून निलंग्यालाच बसतो. सरकारला आमच्यात नेमकं काय दिसतं, ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

मी रेवणसिद्ध. निलंग्याहून शिरूर अनंतपाळला जाणारी एस.टी. जिथं थांबते त्या फाट्याला माझं किराणा दुकान आहे. मागच्या बाजूला घर, आणि घराच्या भिंतीला भिंत लावून माझा चुलतभाऊ अण्णाराव राहतो. भिंत मातीची आहे. त्यामुळं त्यांच्याकडं काय चाललंय हे कळायला मला कान लावावा लागत नाही. उलट न कळावं म्हणून रेडिओ लावावा लागतो.

अण्णारावाची बायको नागम्मावैनी भालकीकडची, म्हणजे कर्नाटकातली. लग्नात तिच्या बापानं आंदण म्हणून एक देवणी कालवड दिली होती. त्या कालवडीची लेक म्हणजे आताची गाय. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, कान लांब, आणि डोळे असे की कुणाचं कर्ज बुडवून आलेल्या माणसालाही लाज वाटावी. आमच्यात आंदणाच्या जनावरावर सासरच्यांचा हक्क नसतो. दूध घरात येतं, शेण शेतात जातं. पण त्या जनावराला विकायचं की ठेवायचं, कुणाला हात लावू द्यायचा, औषध कुठलं पाजायचं, याचा शब्द बाईचा. घरातल्या दुसऱ्या कशावरच तिचा शब्द नसतो, म्हणूनही असेल, पण हा एक नियम आमचे लोक फार काटेकोर पाळतात. मन कसं हलकं राहतं.

आता वैनीच्या कमरेचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. सात वर्षांमागं, चौथ्या बाळंतपणानंतर, तिचं मुलं बंद करायचं ऑपरेशन झालं. एका शाळेत शिबिर भरलं होतं. बाकं बाजूला सारून बायकांना ओळीनं झोपवलं होतं. पाठीच्या मणक्यात सुई दिली, ऑपरेशन केलं, आणि जाताना प्रत्येकीला बक्षीस म्हणून ॲल्युमिनियमची एक घागर दिली. तेव्हापासून तिची कंबर दुखते. सुई दिली तिथंच दुखते, असं तिचं म्हणणं. अण्णारावानं सुरुवातीला एकदा निलंग्याला नेऊन दाखवलं. तिथल्या डॉक्टरनं टेबलापलीकडूनच गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाला, सुईनं असं काही होत नसतं, मनात असतं. एवढ्या शिकलेल्या माणसानं सांगितल्यावर प्रश्नच मिटला. मग अण्णाराव कुणी विचारलं की सांगायचा, "उठती, बसती, भाकरी थापती. मग दुखतंय काय?" हे वाक्य त्यानं इतक्यांदा म्हटलं की ते आळीत सगळ्यांना पाठ झालं. वैनी कमरेवर हात ठेवून उभी राहिली की लहान पोरंसुद्धा म्हणायची.

बक्षिसाची घागर मात्र चांगली टिकली. ऑपरेशनच्या टाक्यांना ओल असतानाच तिनं ती कमरेवर घेतली होती, आणि दुष्काळात टँकरवर रोज तीच घेऊन जायची.

तर त्या उन्हाळ्यात, वैशाखात, गाय अडली. पहाटेपासून कळा देत होती. वासराचं नाक आणि एक पाय बाहेर दिसत होता, दुसरा पाय आत कुठंतरी मुडपला होता. आमच्या गावात अशा वेळी मलप्पाला बोलावतात. मलप्पा म्हणजे जनावरातला जाणता, असं त्याचं स्वतःचं मत. त्यानं हाताला तेल लावून आत हात घातला, गाय जोरात कण्हली, त्याचा हात दाबला गेला आणि तो ओरडून बाहेर आला. नंतर म्हणाला, "गाईची नियत चांगली न्हाई." तो बोटं चोळत बाजूला जाऊन बसला, आणि दिवसभर उठला नाही. बघायला मात्र चांगली जागा धरली होती त्यानं.

नशिबानं डॉक्टर सबनीस त्या दिवशी जनावरांच्या छावणीवर आले होते. छावणी आमच्या फाट्यावरच आहे, आणि त्यांचा चहा माझ्या दुकानात होतो. मी त्यांना घेऊन आलो. तरुण माणूस, पुण्याकडचा, बोलायला शुद्ध. गावातल्या बायांना आधी त्यांच्या बोलण्याची भीती वाटायची, आपण काही चूक केली आणि हे साहेब तपासणीला आलेत, अशी.

त्यांनी गाईला बघितलं, आत हात घालून बघितलं आणि म्हणाले, "वासरू जिवंत आहे. पाय मुडपलाय. पण ही जोर करतेय, त्यामुळं मला वासरू मागं ढकलता येणार नाही. शेपटीच्या बुडाशी, मणक्यात एक इंजेक्शन देतो. तेवढा भाग बधिर होईल, कळा थांबतील, दुखणार नाही. मग पाय सरळ करून वासरू काढतो."

अण्णारावानं मान हलवली. मी मान हलवली. मलप्पानंसुद्धा हलवली, म्हणजे त्याची परवानगी आहे हे कळावं म्हणून. वैनी गाईच्या मागं जाऊन उभी राहिली आणि तिनं शेपटीचं बूड दोन्ही हातांनी झाकलं.

"मणक्यात सुई न्हाई द्यायची," ती म्हणाली.

"अगं, गाय मरल," अण्णाराव म्हणाला.

"मरल. पन सात वरीस वळवळत न्हाई बसनार."

डॉक्टरांना काही कळेना. त्यांनी अण्णारावाकडं बघितलं. अण्णाराव हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला, "तसं काय न्हाई डॉक्टरसाब. हिची कंबर जरासक खामखा दुखती. तुम्ही द्या सुई."

"मी देतो. त्यांना बाजूला व्हायला सांगा."

आणि इथं अण्णाराव अडला. ज्यानं बायकोला कधी कुठल्या गोष्टीत विचारलं नव्हतं, तो आता तिला हात धरून बाजूला करू शकत नव्हता. गाय आंदणाची. सगळी आळी गोठ्यात उभी. नियम मोडला असता तर उद्यापासून गावातली प्रत्येक बाई आपल्या आंदणाचं जनावर बापाच्या घरी नेऊन बांधणार होती. तो हळूच म्हणाला, "डॉक्टरसाब, हिनं हाव म्हणल्याबिगर न्हाई जमत. गाय तिची हाय."

"आणि वासरू मेलं तर?"

"ते बी तिचंच."

गाय पुन्हा कण्हली. वैनीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात हलले नाहीत. तिला गाय मरू द्यायची नव्हती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. त्या जनावराला तिनं चार महिने स्वतःच्या वाट्याचं पाणी पाजून ठेवलं होतं. तिला त्या सुईची भीती वाटत होती, बस. मला त्या वेळी डॉक्टरांचा राग आला, अण्णारावाचा आला, आणि कशाला खोटं बोलू, वैनीचाही आला. मी म्हणालो, "वैनी, जित्राबाचा जीव चाललाय." ती म्हणाली, "मला दिसून राहिलंय, रेवण्णा."

मग डॉक्टरांनी एक शहाणपणा केला. ते ओरडले नाहीत. त्यांनी पाटावर बसून तिला विचारलं, "बाई, तुम्हाला भीती कशाची वाटते ते सांगा."

ती हात न काढता म्हणाली, "सुई दिल्यावर तिला कळतंय का न्हाई, ते बघणार का तुम्ही? का लगेच हात घालणार?"

"बघणार. बघावंच लागतं. आधी बारीक टोचून बघायचं. शेपटी हलली तर थांबायचं. सुईचा परिणाम व्हायला वेळ लागतो."

"अन् तवर थांबणार?"

"थांबणार. नाहीतर उपयोग काय सुईचा?"

तिनं हात काढले.

डॉक्टरांनी शेपटी वरखाली हलवून दोन हाडांमधली खाच बोटानं शोधली, जागा स्वच्छ केली, औषध भरलं. गाईचा सांगाडा मोठा. देवणीच ती. त्या सांगाड्यावरून त्यांनी औषधाचा अंदाज केला. पण दुष्काळात त्या सांगाड्यावर मांस किती उरलं होतं हा हिशेब राहून गेला. बरगड्या मोजता येत होत्या, तरी तो राहिला. आता ते सोपं वाटतं सांगायला. तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

सुई दिली. थोडं थांबले. मग डॉक्टरांनी शेपटीच्या बुडाशी सुईचं टोक लावलं. गाईनं शेपटी झटकली. "अजून कळतंय," ते म्हणाले, आणि थांबले. पुन्हा टोचलं. शेपटी जराशी हलली. पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा टोचलं तेव्हा शेपटी ओल्या दोरीसारखी लोंबत राहिली. डॉक्टरांनी ती उचलून सोडली, ती पडली. गाय शांत झाली होती. कळा थांबल्या होत्या. पहाटेपासून पहिल्यांदा तिनं तोंड हलवून रवंथ केल्यासारखं केलं.

"झालं," डॉक्टर म्हणाले. "आता तिला काही कळणार नाही."

वैनी हे सगळं जवळून बघत होती. तिनं विचारलं, "एवढंच बघायचं असतंय?"

"हो. एवढंच."

"टोचायचं, अन् थांबायचं."

"हो."

"मग माझ्या टायमाला कामून न्हाई बघितलं कुणी?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. विहीर कोरडी पडली म्हणून सांगावं तसं सांगितलं. "मी म्हनले होते, मला कळून राहिलंय. ते म्हनले, मागं लई बाया हायत."

मलप्पानं खाकरून घसा साफ केला. नेमक्या त्याच क्षणाला गाईचे मागचे पाय थरथरायला लागले.

आधी एक पाय वाकला, मग दुसरा. मग गाईचं मागचं सगळं अंग हळूहळू खाली आलं आणि ती बसली. उठायचा प्रयत्न केला, पुढचे पाय टेकले, मागचे हललेच नाहीत. डॉक्टरांचा चेहरा उतरला. "औषध थोडं पुढं चढलंय," ते म्हणाले. "घाबरू नका. उतरेल. दोन-तीन तासांत उठेल ती."

"मला बी असंच म्हनले होते," वैनी म्हणाली, आणि तिनं डोक्यावरचा पदर तोंडात कोंबला.

डॉक्टरांनी बाकीचं काम मात्र चांगलं केलं, ते मान्य केलं पाहिजे. बसलेल्या गाईतूनच वासराला मागं ढकललं, पाय सरळ केला, मी आणि अण्णारावानं दोरी ओढली, आणि वासरू आलं. कालवड होती, आईसारखीच ठिपक्यांची. नाकातोंडातला चिकटा काढल्यावर शिंकली. एरवी आळीनं आनंद केला असता. पण सगळे गाईच्या मागच्या पायांकडं बघत बसले होते. अण्णाराव कपाळाला लावायची विभूती घेऊन आला, गाईच्या कपाळाला लावली, आणि मग काय मनात आलं कुणास ठाऊक, थोडी तिच्या कमरेलाही लावली.

मग सुरू झालं वाट बघणं. टँकर येऊन गेला, कुणी गेलं नाही. आमच्या गावात असं पूर्वी कधी झालं नव्हतं. सगळे उन्हात गोठ्याभोवती बसून राहिले, जणू पायांकडं बघितलं की पाय उठतात. डॉक्टर थोड्या थोड्या वेळानं खुराजवळ टोचून बघत आणि घड्याळ बघत. अण्णाराव गाईची कंबर चोळत होता. गरम तेल आणवलं, वर सुती फडकं टाकलं, खाली मऊ कडबा सारला. असा कडबा, जो तो महिनाभर छावणीवाल्यांकडून भांडून आणत होता आणि कुणाला काडी द्यायला तयार नव्हता. तो सारखा गाईला म्हणत होता, "ऊठ माय, ऊठ." मलप्पानं दुरून सुचवलं की शेपटी पिरगाळा, म्हणजे उठेल. डॉक्टर म्हणाले, "शेपटी बधिर आहे, तिला कळणार नाही." मलप्पाला वाटलं डॉक्टर त्यालाच काहीतरी म्हणाले.

गाय मात्र उठेना. तिच्या डोळ्यांत त्रास नव्हता, एवढंच. तिला दुखत नव्हतं आणि उठताही येत नव्हतं. वैनी तिच्या तोंडाशी बसली होती, तिच्या मानेखाली हात घालून. मला आठवतंय, मला तेव्हा एकच विचार होता, ही गाय उठली नाही तर ही बाई आता कुणाशीच बोलणार नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी खुराजवळ टोचलं आणि गाईनं पाय आखडला. अगदी थोडा, पण आखडला. "आलं," ते म्हणाले. "आता उठवा."

सगळे एकदम गोंगाट करायला लागले. अण्णाराव म्हणाला, ऊठ, ऊठ. मलप्पानं टाळ्या वाजवल्या. गाय कानसुद्धा हलवेना. मग वैनी उठली, गाईच्या कानाजवळ वाकली आणि तिच्या माहेरच्या कानडीत म्हणाली, "एळव्वा, एळू." म्हणजे तेच, ऊठ माय, ऊठ. त्या गाईच्या आईशी भालकीत असंच बोलत असत, आणि या गाईशीही वैनी कधी दुसऱ्या भाषेत बोलली नव्हती. आम्ही सगळा दिवस तिला परक्या भाषेत हुकूम सोडत होतो.

गाईनं पुढचे पाय टेकले. मागचे थरथरले, वाकले, पुन्हा ताणले गेले. अण्णारावानं तिच्या पोटाखाली खांदा दिला. आणि ती उठली. उभी राहिली, हलली, पुन्हा उभी राहिली. कालवड लडखडत तिच्या आचळाला जाऊन चिकटली.

आता मात्र आळीला आनंद झाला. अण्णारावाला रडू आलं आणि ते लपवायला तो हसायला लागला. मग तो वैनीकडं वळून सगळ्यांदेखत म्हणाला, "बघितलं का? मणक्यात सुई दिली. काय झालं? उठली न्हाई का? खामखा दिवसभर घोर लावलास. अशीच तुझी कंबर बी."

वैनी कालवडीच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिनं वर न बघता सांगितलं, "मी बी उठले होते की. उठून त्याच दिशी तुम्हा सगळ्यांच्या भाकऱ्या थापल्या होत्या."

डॉक्टर सबनीसांनी पिशवी आवरायला घेतली आणि ती आवरायला त्यांना फार वेळ लागला.

जाताना त्यांनी अण्णारावाला सांगितलं, "गाईला काही दिवस पूर्ण आराम द्या. ओल्या जागेवर बसू देऊ नका. लांब चालवू नका. पाणी तिच्या पुढ्यात आणून द्या. कमरेला गरम तेल लावा. बाळंतपण अवघड झालंय, मणक्यात सुई लागली आहे. जपायला पाहिजे."

अण्णारावानं सगळं नीट ऐकून घेतलं. वैनी दाराशी उभी होती. तिनंही ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी अजून नाव दिलेलं नाही. हसू नव्हतं, एवढं नक्की.

आणि मग आमच्या गावानं एक नवल बघितलं. दुसऱ्या दिवशी टँकरवर बायांच्या रांगेत अण्णाराव उभा होता, डोक्याला पटका, खांद्यावर ती बक्षिसाची ॲल्युमिनियमची घागर. जन्मात पहिल्यांदा. बायांनी पदर तोंडाला लावले. तो म्हणाला, "हसू नका. गाईसाठी हाय." गाईला बादल्या लागतात, आणि पाणी पुढ्यातच लागतं, आणि वैनी म्हणाली होती की मी आणताना सांडून राहिले तर गाईला कमी पडल. त्यामुळं तो दिवसाला चार-पाच खेपा घालायला लागला. गाय पीत होती तेवढं पीत होती. उरलेल्या पाण्यात घरचा स्वयंपाक होत होता, हे त्याच्या ध्यानात यायला आठवडा लागला, आणि ध्यानात आल्यावरही त्याच्या खेपा कमी झाल्या नाहीत.

पंधरवड्यानं डॉक्टर पुन्हा छावणीवर आले. माझ्या दुकानात चहा घेतला, म्हणाले, चला, ती गाय बघू. मी सोबत गेलो. अण्णाराव टँकरवर गेला होता. गाय चांगली होती. चालवून बघितली, कमरेवर दाबून बघितलं, शेपटी तर इतकी चांगली झाली होती की तिनं ती डॉक्टरांच्या तोंडावर मारली. ते म्हणाले, "उत्तम. आता आराम पुरे. बाहेर चरायला सोडा, हळूहळू सगळं सुरू करा."

वैनी गव्हाणीत वैरण टाकत होती. ती म्हणाली, "तिची कंबर अजून दुखून राहिली."

"कशावरून?"

"मला कळतंय."

तेवढ्यात अण्णाराव घागर घेऊन दारात आला होता. त्यानं ते ऐकलं आणि काळजीनं म्हणाला, "डॉक्टरसाब, हिला गाईचं बरूबर कळतंय. आंदणाची हाय. ही म्हनती म्हंजी दुखत आसंल." आणि घागर रिकामी करून पुन्हा टँकरकडं गेला, कारण टँकर निघायच्या बेतात होता.

सात वर्षं तिनं स्वतःच्या कमरेचं सांगितलं, ते कुणाला पटलं नाही. गाईच्या कमरेचं एकदाच सांगितलं, ते लगेच पटलं. डॉक्टर गाईकडं बघत उभे राहिले. गाय निवांत रवंथ करत होती, दुखण्याचं कसलंच चिन्ह नव्हतं. मग त्यांनी वैनीकडं बघितलं. ती एका हातानं गव्हाणीला धरून, दुसरा हात पाठीवर ठेवून, हळूहळू सरळ होत होती. त्यांनी ते पूर्ण होईपर्यंत बघितलं.

"कुठं दुखतं?" त्यांनी विचारलं.

"गाईचं?"

"नाही. तुमचं."

वैनीनं एकदा माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं. "हितं," ती म्हणाली आणि कमरेच्या मधोमध बोट ठेवलं. "सुई लागली तिथून खाली. बसलं की उठवत न्हाई. घागर घेतली की पायात कळ जाती. रातच्याला कूस बदलता येत न्हाई." तिनं सगळं सांगितलं, सावकाश, एकेक, इतक्या वर्षांचं जपून ठेवलेलं. डॉक्टरांनी मधे न अडवता ऐकून घेतलं. शेवटी ते ओशाळून म्हणाले, "बाई, मी जनावरांचा डॉक्टर आहे. मला माणसांवर इलाज करता येत नाही."

"म्हनून तर सांगून राहिले," ती म्हणाली.

डॉक्टर बाहेर आले. अण्णाराव शेवटची खेप घेऊन येत होता. डॉक्टरांनी त्याला थांबवून सांगितलं, "गाईची कंबर अजून नाजूक आहे. पाणी तुम्हीच आणत चला. जड काही उचलायचं नाही. तेलाचं चालू ठेवा."

"कवापर्यंत?"

"पाऊस पडेपर्यंत."

"अन् पडलाच न्हाई तर?"

"तर पडेपर्यंत," डॉक्टर म्हणाले आणि फटफटीला लाथ मारून निघून गेले. सरकारी माणसानं खोटं बोललेलं मी पुष्कळदा ऐकलं आहे. इतकं चांगलं खोटं पहिल्यांदाच ऐकलं.

मृग कोरडा गेला. आर्द्राही कोरड्याच निघाल्या. अण्णाराव पाणी आणत राहिला. एक दिवस संध्याकाळी तो माझ्या दुकानासमोरून घागर घेऊन चालला होता. मधेच थांबला, घागर खाली ठेवायला वाकला, आणि तसाच अर्धा वाकलेला राहिला. एक हात कमरेवर.

"रेवण्णा," तो म्हणाला, "कंबर लई दुखून राहिली रे. आठ दिस झाले. रातच्याला झोप न्हाई."

मला उत्तर शोधावं लागलं नाही. ते वाक्य सगळ्या आळीला पाठ होतं. उठतोस, बसतोस, भाकरी खातोस. जिभेच्या टोकावर आलंच होतं माझ्या. पण त्याच्या मागं, त्यांच्या घराच्या दारात, वैनी येऊन उभी होती. तिनं ऐकलं होतं.

"कुठं दुखतंय?" तिनं विचारलं.

अण्णाराव तसाच वाकलेला राहिला. कुठं दुखतं ते त्याला नीट माहीत होतं, तरी सांगता येईना. मान खाली घालून तो घागरीकडं बघत होता. वैनी आत गेली आणि गाईच्या तेलाची वाटी घेऊन बाहेर आली.